सिद्धांत पाठ करण्याआधी वाद समजून घ्या

वेंगुर्ल्याजवळच्या एका प्राथमिक शिक्षिकेने विचारलं आहे: “सर, मी रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, चर्चमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. आता एका कॉलेजच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलंय. विषय ख्रिस्ती धर्माचे मूलभूत सिद्धांत. चौदा आठवडे, सगळं इंग्रजीत. दर आठवड्याला वाचन, चर्चेसाठी एक पोस्ट आणि शेवटी एक मोठा निबंध. श्रद्धांगीकार मला लहानपणापासून तोंडपाठ आहे, तरी पहिलं वाचन उघडलं आणि काही कळेना. वर्गात सगळ्या पंथांची माणसं आहेत. अभ्यास कसा करू? आणि यातून श्रद्धा डळमळीत तर होणार नाही ना?”

श्रद्धांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचं उपासनेत म्हटलं जाणारं ठरलेलं विधान, तोंडपाठ असूनही वाचन कळलं नाही, याचा दोष तुमच्या इंग्रजीला देऊ नका. हा विषय मी बरीच वर्षं शिकवतो आणि उत्तम इंग्रजी येणारी मुलंही पहिल्या आठवड्यात तिथेच अडकतात. पाठ्यपुस्तक सगळं क्रमाने लावून देतं: देव, निर्मिती, मनुष्य आणि पाप, ख्रिस्त, तारण, पवित्र आत्मा, ख्रिस्तसभा, शेवटचा काळ. हा क्रम शिकवणाऱ्याच्या सोयीचा आहे. ख्रिस्ती माणसांना हे सिद्धांत या क्रमाने सुचलेले नाहीत. ती आधी प्रार्थना करत होती, बाप्तिस्मा देत होती, एकत्र बसून भाकर मोडत होती. मग कुणीतरी काहीतरी शिकवू लागला आणि बाकीच्यांना वाटलं, हे खरं मानलं तर आपली प्रार्थनाच खोटी ठरते. तिथून वाद पेटला आणि वादातून सिद्धांताची वाक्यं घडली. म्हणून दर आठवड्याला वाचन उघडलं की पहिला प्रश्न हा विचारा: इथे भांडण कुणाचं होतं आणि हरलेल्या बाजूला नेमकं काय जपायचं होतं? हे कळलं की उरलेलं निम्मं वाचन आपोआप उलगडतं.

निकेयाच्या सभेचंच उदाहरण घ्या, कारण तुमच्या कोर्समध्ये ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येणारच. अलेक्झांड्रिया हे इजिप्तचं मोठं बंदर. तिथे अरियस नावाचा धर्मगुरू होता, अभ्यासू आणि लोकांना धरून राहणारा. त्याचं म्हणणं असं की देव एकच आणि त्याला आरंभ नाही. पुत्र पित्यापासून आला, म्हणजे पुत्राला आरंभ आहे. तो सगळ्या सृष्टीच्या आधीचा, सगळ्यांत श्रेष्ठ, पण शेवटी निर्माण केलेलाच. त्याच्या हातात वचनंही होती. नीतिसूत्रे ८:२२ मध्ये ज्ञान म्हणतं की परमेश्वराने मला आपल्या कार्याच्या आरंभी निर्माण केलं. कलस्सै १:१५ मध्ये ख्रिस्ताला सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ म्हटलं आहे. योहान १४:२८ मध्ये तर येशू स्वतःच सांगतो, पिता माझ्यापेक्षा थोर आहे. फिलोस्टॉर्गिअस या जुन्या इतिहासकाराने नोंदवलंय की अरियसने दर्यावर्दींसाठी, दळण दळणाऱ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी गाणी रचून आपली शिकवण पसरवली. म्हणजे हा वाद चार पंडितांच्या खोलीत चाललेला नव्हता. तो बंदरावर होता.

आता प्रामाणिकपणे सांगा, ही तीन वचनं एखाद्याने रविवारच्या वर्गात तुमच्यासमोर ठेवली असती तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं? इथे थांबून, पाठ्यपुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत अर्धं पान लिहा. जमलं नाही तरी लिहा. ही अडचण स्वतःला जाणवल्याशिवाय निकेयाचं उत्तर कशासाठी आहे ते कळत नाही.

अलेक्झांड्रियाचा बिशप अलेक्झांडर आणि पुढे त्याच्या जागी आलेला अथनेशियस यांचं उत्तर वचनांच्या अर्थावर होतंच, पण त्याचा गाभा वेगळा होता. पुत्र निर्माण केलेला असेल, तर तो आपल्याला देवाशी जोडू शकत नाही, कारण तोही आपल्याच बाजूचा ठरतो. आणि आपण त्याची उपासना करतो, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो, ती मग सृष्टीचीच पूजा झाली. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकेया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, बिशपांची सभा बोलावली. पुत्र जन्मलेला आहे, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व आहे, असं तिथे ठरलं. पण वाद तिथे मिटला नाही, हे अनेक विद्यार्थी विसरतात. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं आणि प्रकरण मार्गी लागायला ३८१ सालची कॉन्स्टँटिनोपलची सभा उजाडली.

आता एक काम करा. रविवारी आपण जो लांब श्रद्धांगीकार म्हणतो, म्हणजे निकेयाच्या श्रद्धांगीकाराचं पुढे वाढलेलं रूप, तो मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ याच्या समासात अरियसचं नाव लिहा. ‘त्याच्या राज्याचा अंत होणार नाही’ ही ओळ ३२५ च्या मजकुरात नव्हती. ती अँसायराचा बिशप मार्सेलस याच्या शिकवणीला उत्तर आहे. पुत्राचं राज्य शेवटी संपेल, असं तो १ करिंथ १५ वरून सांगत असे. विशेष म्हणजे हा मार्सेलस निकेयाच्या बाजूचा होता, म्हणजे ही ओळ आपल्याच माणसाला उद्देशून आहे. ‘पवित्र आत्म्यावर’ एवढंच म्हणून ३२५ चा श्रद्धांगीकार थांबला होता. त्यापुढचं ‘प्रभू, जीवनदाता, पित्याबरोबर आणि पुत्राबरोबर ज्याची उपासना होते’ हे पवित्र आत्म्याचं देवत्व नाकारणाऱ्यांमुळे आलं. येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पंतय पिलात, त्याचं नावही ३२५ च्या मजकुरात नाही. तो कागद चौदा आठवडे जवळ ठेवा आणि नवीन काही कळलं की त्यावर भर घाला. परीक्षेच्या वेळी तुमच्या सगळ्या नोट्सपेक्षा तो एक कागद जास्त उपयोगी पडेल.

पवित्र आत्म्याचा आठवडा आला की कैसरियाचा बिशप बासिल याचं लिखाण वाचायला मिळेल, साधारण ३७५ सालचं. त्यातला वाद कशावरून सुरू झाला? प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीवरून. बासिल कधी ‘पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यात पित्याला गौरव’ म्हणे, तर कधी ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’. दुसरी तऱ्हा ऐकून काहींनी ओरड केली की हा आत्म्याला पित्याच्या बरोबरीने बसवतो. बासिल म्हणाला, हो, कारण आपला बाप्तिस्मा तिघांच्या नावाने झाला आणि ज्या नावाने बाप्तिस्मा त्याच नावाने गौरव. घरी संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना प्रत्येक दहा नमान मारियेंनंतर ‘पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव’ तुम्ही म्हणता. त्या एका ओळीमागे हा सगळा झगडा आहे. हे कळल्यावर ती ओळ पूर्वीसारखी घाईत म्हणवत नाही, असं माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी मला सांगितलंय.

त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ ही उपमा मात्र वापरू नका. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती सर्रास चालते, मुलांना पटतेही. पण तेच पाणी आधी बर्फ असतं आणि मग वाफ होतं, म्हणजे एकच देव तीन सोंगं घेतो असं त्यातून निघतं. तिसऱ्या शतकात साबेलियसच्या नावावर जी शिकवण खपते ती हीच, आणि ख्रिस्तसभेने ती नाकारली. यर्देन नदीवर पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते आहे. लूक ३ मधला हा प्रसंग मुलांना सांगा. उपमेची गरजच पडत नाही.

तुमच्या वर्गात केरळचं कुणी ऑर्थोडॉक्स असेल तर कॅल्सिडॉनचा आठवडा फार रंगेल. ४५१ च्या त्या सभेने सांगितलं की ख्रिस्त एकच व्यक्ती, दोन स्वभावांत, आणि ते दोन स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत, वेगळे होत नाहीत. चारही शब्द नकारी आहेत. सभेने कुंपण घातलंय, आतलं सगळं वर्णन केलेलं नाही, आणि मला हा संयम फार मोलाचा वाटतो. मलंकारा ऑर्थोडॉक्स, कॉप्टिक, आर्मेनियन या मंडळी ही सभा मानत नाहीत. पाठ्यपुस्तक त्यांना दोन ओळींत निकालात काढत असेल तर तिथे प्रश्नचिन्ह घाला. त्यांचा आधार अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल आहे आणि त्यांना ख्रिस्ताचं एकपण जपायचं होतं. १९७३ साली पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनूदा यांनी ख्रिस्ताविषयी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. दीड हजार वर्षं एकमेकांना चुकीचं ठरवणाऱ्यांनी शेवटी एकमेकांचं म्हणणं नीट ऐकलं. तुमच्या वर्गमित्राला त्याच्या मंडळीत ख्रिस्ताविषयी काय शिकवतात ते आधी विचारा, मग पोस्ट लिहा.

त्याआधीच्या, ४३१ च्या इफिससच्या सभेबद्दल तुम्हाला घरचीच गोष्ट वाटेल, कारण ‘देवाची माता’ हे आपण रोज म्हणतो. एवढं लक्षात ठेवा की तो वाद मरियेच्या मोठेपणावर नव्हता. मरियेच्या पोटी जो जन्मला तो देव आहे की देव ज्याच्यात वस्तीला आला असा एक माणूस, हा कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस आणि सिरिल यांच्यातला प्रश्न होता. तुमच्या प्रोटेस्टंट वर्गमित्रांनाही हे असं मांडलेलं मान्य होतं. मी पुन्हा पुन्हा अनुभवलंय.

तारणाच्या भागात विद्यार्थी एका वेगळ्या कारणाने गोंधळतात. ख्रिस्त कोण हे सभांनी इतकं काटेकोर सांगितलं, पण त्याच्या मरणाने आपलं तारण नेमकं कसं झालं, याचा एकच खुलासा कुठल्याही विश्वसभेने बंधनकारक केलेला नाही. श्रद्धांगीकार फक्त म्हणतो, आमच्यासाठी. म्हणून इथे अनेक मांडण्या शेजारी शेजारी नांदतात. मरणावर आणि सैतानावर विजय, ही सुरुवातीच्या शतकांतली. मध्ययुगातला धर्मपंडित अँसेल्म याने १०९८ च्या सुमारास देवाच्या सन्मानाची भरपाई या अंगाने विचार केला. त्यानंतरच्या अबेलार्ड या धर्मपंडिताने प्रेमाने आपलं हृदय बदलतं यावर भर दिला. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी आपल्या जागी भोगलेली शिक्षा ही मांडणी पुढे आणली. यातली एकच खरी आणि बाकीच्या पाखंडी, असं लिहिलंत तर गुण जातील, आणि ते योग्यच होईल. प्रत्येक मांडणीला पापाचं कोणतं रूप दिसतं ते बघा: गुलामी, कर्ज, कठोर झालेलं मन की अपराध. चांगला निबंध तिथून सुरू होतो.

कृपा आणि नीतिमान ठरणं, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरणं, यावर वर्गात आवाज चढतील. तुम्ही कॅथोलिक, म्हणून धर्मसुधारक ल्यूथरचं लिखाण स्वतः वाचा, ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर त्याने १५२० साली लिहिलेला छोटा ग्रंथ पुरे. प्रोटेस्टंट मित्रांना सांगा की धर्मसुधारकांना उत्तर देणाऱ्या ट्रेंटच्या कॅथोलिक सभेचं सहावं सत्र, १५४७ सालचं, त्यांनी स्वतः वाचावं. माणूस स्वतःच्या कर्माने तरतो असं ट्रेंट म्हणतं, हा समज पहिल्याच कलमाशी गळून पडतो. मग दोघांनी मिळून ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबर्ग इथे ल्युथरन विश्व महासंघ आणि कॅथोलिक चर्च यांनी सही केलेला संयुक्त जाहीरनामा वाचा. मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड या इतर प्रोटेस्टंट मंडळी, त्यातले मेथडिस्ट २००६ साली या जाहीरनाम्यात आले, रिफॉर्म्ड २०१७ साली. मतभेद संपले असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पायाभूत गोष्टींवर एकमत आहे आणि या जाहीरनाम्यात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातले निषेध लागू होत नाहीत, एवढंच त्यात म्हटलंय. पण ते एवढंच फार मोठं आहे.

ख्रिस्तसभा, संस्कार आणि शेवटचा काळ हे आठवडे तुम्हाला त्यामानाने सोपे जातील. वेंगुर्ल्यात तुमच्या चर्चपासून जवळच अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने उभारलेलं हॉस्पिटल आहे, उत्तरेला बाणकोटला स्कॉटिश मिशनरी १८२३ सालीच आले होते. वेगळ्या परंपरांचा शेजार कोकणाला नवा नाही. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अर्भकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा, दोन्ही परंपरा एका मंडळीत आल्या. त्या मंडळीतलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडे हे रोज कसं निभावतं ते विचारा. पाठ्यपुस्तकात ते मिळणार नाही.

आता श्रद्धा डळमळण्याचं. काही आठवडे अस्वस्थता येईल, ती येऊ द्या. बहुतेकांची अडचण अशी असते की आपल्या मनात सगळ्या शिकवणी एकाच उंचीवर बसलेल्या असतात. आजीने सांगितलेलं, फादरांनी सांगितलेलं, सभेने ठरवलेलं, सगळं सारखंच. मग एक वीट हलली की सगळी भिंत पडेल असं वाटतं. बाप्तिस्म्याशिवाय गेलेली तान्ही बाळं लिंबोत, म्हणजे ना स्वर्ग ना नरक अशा जागी, जातात, हे तुमच्या आजीने नक्की सांगितलं असेल. ते कधीच श्रद्धेचा सिद्धांत म्हणून ठरवलं गेलेलं नव्हतं, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मविद्या आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं मांडलं. ज्या आईने मूल गमावलंय तिच्यासाठी हा फरक कागदावरचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६४ साली स्पष्टच म्हटलं की सत्यांमध्येही उतरंड आहे, कारण ख्रिस्ती श्रद्धेच्या पायाशी प्रत्येकाचं नातं वेगळं आहे. म्हणून दर आठवड्याला वहीत लिहा: हा ठरलेला सिद्धांत आहे, सर्वसाधारण शिकवण आहे की धर्मपंडिताचं मत? ही सवय लागली की प्रश्नांची भीती जाते. तरीही मन जड झालं तर तेवढ्यापुरतं वाचन बाजूला ठेवा आणि मिस्सा चुकवू नका.

पोस्ट लिहिताना ‘हे मोठं रहस्य आहे, मानवी बुद्धीला कळत नाही, मला फार भावलं’ असं लिहू नका. खरं असलं तरी चर्चेला त्यातून काही हाती लागत नाही. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत उतरवा. निकेयाच्या आठवड्याची चांगली पोस्ट साधारण अशी असते:

“अरियसला पित्याचं एकमेवपण जपायचं होतं आणि नीतिसूत्रे ८:२२ मधून त्याला आधार मिळत होता. अथनेशियसचा आक्षेप त्या वचनापुरता नव्हता. निर्माण केलेला पुत्र आपल्याला देवाशी जोडू शकत नाही, हा त्याचा मुद्दा होता. या आठवड्याच्या लेखकाने सम्राटाच्या राजकारणावर भर दिलाय, उपासनेकडे कमी लक्ष दिलंय. मला मत्तय २८:१९ मधलं बाप्तिस्म्याचं सूत्र निर्णायक वाटतं. पण योहान १४:२८ चा निकेयाच्या बाजूने दिलेला खुलासा मला अजून पुरता पटलेला नाही. कुणी समजावेल का?”

विरोधकाचं म्हणणं न्यायाने मांडलंय, वाचनातला एक दोष दाखवलाय, स्वतःचं मत आधारासकट दिलंय आणि न सुटलेला प्रश्न उघडा ठेवलाय. अशा पोस्टला उत्तरं येतात.

अभ्यासाच्या व्यवस्थेबद्दल थोडंच. कोर्स पावसाळ्यात आहे, आणि आपल्याकडे आषाढात लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. सगळी वाचनं आणि व्याख्यानं आठवड्याच्या सुरुवातीलाच मोबाइलवर उतरवून ठेवा, पोस्ट शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी टाका. चर्चच्या प्राचीन आचार्यांचं लिखाण ख्रिश्चन क्लासिक्स इथिरिअल लायब्ररीच्या साइटवर मोफत आहे, कॅथोलिक शिकवणीचा १९९२ चा ग्रंथ व्हॅटिकनच्या साइटवर. या कोर्सचे क्रेडिट पुढे पदवीसाठी धरायचे असतील तर कॉलेजला लेखी विचारा की मान्यता कुणाची आहे. फी भरण्याआधी हे विचारणं बरं.

मोठ्या निबंधासाठी मी तुम्हाला एक विषय सुचवतो, कारण तो तुमच्याइतका सहजपणे वर्गात दुसऱ्या कुणाला जमणार नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट संघाचा धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचं क्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला पहिल्यांदा छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, पहिलं पुराण जुन्या करारावर, दुसरं ख्रिस्ताच्या चरित्रावर. देवाने देह का धारण केला, हा अँसेल्मचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वी मराठीतून लोकांसमोर मांडला गेला. सगळा ग्रंथ घेऊ नका. दुसऱ्या पुराणातला जन्माचा किंवा दुःखसहनाचा एकच भाग निवडा आणि तारणाच्या कोणत्या मांडणीवर स्टीफन्सचा भर आहे, तेवढंच शोधा. देवनागरीतल्या आवृत्त्या आहेत, मोठ्या ग्रंथालयात किंवा धर्मप्रांताच्या ग्रंथालयात चौकशी करा. प्राध्यापकांना तिसऱ्या आठवड्यातच एका परिच्छेदात विषय कळवा. त्यांना मराठी येत नसेल तर निवडलेल्या ओव्यांचा इंग्रजी अनुवाद तुम्हालाच करावा लागेल. तो करा आणि मूळ ओवी शेजारी ठेवा.